रामटेकात लपलेलं मार्केट

गेल्या श्रावणापासून माझी झोप उडाली आहे. डोक्यावर कर्ज नाही, कोर्टात खटला नाही, धानावर तुडतुडाही नाही. झोप उडवली आहे ती इंग्रजी अक्षरांनी! रात्री बारा वाजता मी अंथरुणात उठून बसतो, मोबाइलच्या उजेडात वहीवर सहा अक्षरं लिहितो, खोडतो, पुन्हा लिहितो आणि एकदम ओरडतो, "सापडला!" बायको दचकून पाय वर घेते. "काहून जी, साप निघाला का?"

पन्नाशी उलटलेल्या माणसाला हे शोभतं का, असं तिचं म्हणणं. शोभत नसेल. पण ज्याला आयुष्यात पहिल्यांदा गूळ मिळाला, त्याने तो मोजून मापून चाटावा, ही अपेक्षा तरी कशी करायची?

आमचं बपेरा म्हणजे तुमसर तालुक्याचंच नव्हे, महाराष्ट्राचंच टोक. बावनथडी ओलांडली की मध्य प्रदेशचा बालाघाट जिल्हा. घरात पोवारी, बाजारात हिंदी, कचेरीत मराठी, एवढ्या भाषांत आम्ही लीलया उड्या मारतो. अडायचं ते इंग्रजीपाशी. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली. आमच्या वेळी ते पाचवीत भेटायचं, आणि भेटायचं तेच हातात छडी घेऊन. "नाइफ"च्या आधी "के" कशाला, "आयलंड"च्या पोटात "एस" कुणी कोंबला, हे विचारायची सोय नव्हती. घोका. घोकलं. विसरलो. इंग्रजी शब्द म्हणजे उच्चार एक, स्पेलिंग भलतंच आणि अर्थ तिसऱ्याच गावाला, असं मनात पक्कं बसलं.

ते पक्कं बसलेलं एका संध्याकाळी सुटलं.

रोवणी आटोपली होती. पुण्याला नोकरी करणारी भाची चार दिवस आली होती. पाऊस धो धो, वीज गेलेली, नेट गेलेलं. मोबाइलमध्ये रोज ती एक खेळ खेळायची, तो चुकणार म्हणून तोंड पाडून बसली होती. मी विचारलं, "एवढं काय आहे बाई त्यात?" तिने जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि पाच चौकोनांच्या सहा ओळी आखल्या. म्हणाली, "मामाजी, मी मनात पाच अक्षरांचा एक इंग्रजी शब्द धरलाय. तुम्ही ओळखायचा. सहा डाव. अक्षर शब्दात असेल आणि जागेवर असेल तर मी हिरवा ठिपका देईन. असेल पण जागा चुकली असेल तर पिवळा. नसेलच तर काट."

मला पाच अक्षरी शब्द आठवेनात. बाहेर पाणी पडत होतं, म्हणून लिहिलं "वॉटर". डब्ल्यूवर काट, टीवर काट. पण ए, ई आणि आर या तिघांवर पिवळे ठिपके! म्हणजे माणसं घरात आहेत, फक्त खोल्या चुकल्या आहेत. मी त्यांच्या खोल्या बदलून पाहिल्या. आर दुसरा बसवला, ए तिसरा, ई शेवटी. मध्ये काय घालावं? "ग्रेप" लिहिलं, म्हणजे द्राक्ष. आर हिरवा, ए हिरवा, ई हिरवा! जी आणि पी गेले. आता पानावर होतं ते एवढंच: एक रिकामी जागा, मग आर, मग ए, पुन्हा एक रिकामी जागा, आणि ई.

आणि इथे, वाचकहो, काहीतरी झालं. मी पहिल्या रिकाम्या जागेत बीपासून अक्षरं घालत सुटलो. ब्रेव्ह! ब्रेक! ब्रेस! फ्रेम! ड्रेक! इरेज! मग सीवर आलो: क्रेन! क्रेझ! क्रेव्ह! हे नऊ शब्द माझ्याच डोक्यात होते. चाळीस वर्षं कुठे दडी मारून बसले होते कोण जाणे. अर्थ विचारत कुणी आलं नाही, उच्चार दुरुस्त करत कुणी आलं नाही, नुसतं रिकाम्या खोलीचं दार उघडलं आणि एकेक जण हात जोडून उभा राहिला.

पण शब्द नऊ आणि डाव उरलेले चार. मी एकेक करून मारणार, तेवढ्यात भाची म्हणाली, "मामाजी, एक डाव जाळा." म्हणजे? म्हणजे असा शब्द टाका जो उत्तर असणं शक्यच नाही, पण जो या नऊ जणांची वाटणी करेल. तिने सुचवला "ब्लॅक". मी म्हटलं, अगं, त्यात तर शेवटी ई नाही, दुसरा आर नाही, हे उत्तर कसं असेल? "नाहीच आहे. पण बघा ना." मी बघितलं. ब्लॅकमध्ये बी आहे, सी आहे, के आहे. नुसत्या बीला ठिपका मिळाला तर ब्रेव्ह. बी आणि के दोघांना मिळाला तर ब्रेक. बी आणि सी, तर ब्रेस. नुसता के, तर ड्रेक. कुणालाच नाही, तर फ्रेम किंवा इरेज. आणि नुसता सी, तर क्रेन, क्रेझ, क्रेव्ह. एका जळालेल्या डावात नऊ शब्दांचे सहा ढीग! सगळ्यात मोठा ढीग तीन शब्दांचा, आणि हातात डाव तीन. हरणं शक्यच नाही!

मी खाटेवरून उठून उभा राहिलो. खरंच राहिलो.

ठिपका मिळाला नुसत्या सीला. मी लिहिलं "क्रेन", आणि पाचही हिरवे. भाची हसली, आदल्याच दिवशी येताना वाटेत धानाच्या बांधीत तिला सारस दिसला होता. गोंदिया आणि बालाघाटच्या बाजूला अजून दिसतो तो, जोडीने, माणसाएवढ्या उंचीचा. इंग्रजीत तोही क्रेन आणि ओझी उचलणारं यंत्रही क्रेन, हेही मला त्याच दिवशी कळलं.

वीज आली तेव्हा तिने खेळाची गोष्ट सांगितली. वर्डल नावाचा हा खेळ जॉश वॉर्डल नावाच्या इंजिनिअरने न्यूयॉर्कमध्ये केला, आणि केला कुणासाठी, तर जोडीदारीण पलक शाह हिच्यासाठी. इंग्रजीत पाच अक्षरी शब्द बारा हजारांच्या आसपास. त्यातले बरेचसे कुणी बापजन्मात ऐकलेले नसतात. पलकने ते सगळे चाळले, ओळखीचे निवडले आणि यादी अडीच हजारांच्या घरात आणली. १ नोव्हेंबर २०२१ रोजी हा खेळ खेळणारी माणसं होती ९०. दोन महिन्यांत झाली तीन लाख. जानेवारी २०२२ संपता संपता न्यूयॉर्क टाइम्सने तो विकतच घेतला. बारा हजार शब्द निवडून पाखडायचे म्हणजे काय काम असेल! सुपात धान घोळवणारी बाईच ते करू जाणे.

त्याच न्यूयॉर्क टाइम्सवरून आणखी एक गोष्ट निघाली, आणि ती मला जास्त आवडते. १९३० च्या दशकात अमेरिकेत मंदी होती. आल्फ्रेड बट्स नावाचा आर्किटेक्ट बेकार होऊन घरी बसला होता. बेकार माणूस काय करतो? आमच्याकडे पारावर बसून तंबाखू चोळतो. हा पठ्ठ्या त्याच वर्तमानपत्राचं पहिलं पान घेऊन कोणतं अक्षर किती वेळा येतं ते मोजत बसला! त्या मोजणीतून स्क्रॅबल जन्मला. १०० सोंगट्या, त्यांतल्या १२ एकट्या ईच्या, क्यू आणि झेड मात्र एकेकच. जे अक्षर ढिगाने मिळतं त्याला एक गुण, जे मिळत नाही त्याला दहा. एस चारच ठेवले, नाहीतर जो तो दुसऱ्याच्या शब्दाला एस चिकटवून अनेकवचनावर जिंकला असता. त्याच्या खेळाचं स्क्रॅबल हे नाव १९४८ चं, जेम्स ब्रुनोने दिलेलं.

तारेतसुद्धा हेच, म्हणे! मोर्सच्या लिपीत ई म्हणजे नुसता एक टिंब आणि टी म्हणजे नुसती एक रेघ, कारण ही अक्षरं सगळ्यात जास्त लागतात. कडकट्ट, कडकट्ट करत पोस्टातून येणारी तार १४ जुलै २०१३ ला बंद झाली. आमच्या घरी आलेल्या तिन्ही तारा मयताच्या होत्या, म्हणून त्या आवाजाची मला धास्तीच बसलेली. त्या आवाजामागे कुणीतरी शांतपणे अक्षरं मोजली होती, हे कळायला मला तार बंद व्हावी लागली.

भाची जाताना माझ्या मोबाइलमध्ये एक फाइल टाकून गेली. १ लाख ७२ हजारांवर इंग्रजी शब्द, एकाखाली एक, अर्थ नाही, उच्चार नाही, काही नाही. नुसती पोती. लॅपटॉपवर तिने दाखवलं होतं की ठाऊक नसलेल्या जागेवर एक खूण घातली की त्या साच्यात बसणारे सगळे शब्द क्षणात समोर येतात. हे काम करणाऱ्या जुन्या हत्याराचं नाव विचारलं तर म्हणाली, "ग्रेप." म्हटलं, द्राक्ष? नाही, स्पेलिंग वेगळं. केन थॉम्पसन नावाच्या माणसाने बेल लॅब्समध्ये १९७० च्या दशकात ते बनवलं. पण देवनागरीत लिहिलं तर दोन्ही एकच, आणि माझ्या पहिल्या खेळात तीन हिरवे ठिपके देणारा शब्दही तोच. याला योगायोग म्हणायचं असेल तर तुम्ही म्हणा.

आता खरी गोष्ट. वरचं सगळं हिच्यासाठी सांगत होतो.

भाचीने फोनवर एक युक्ती सांगितली. कुठलाही शब्द घ्या आणि त्याची अक्षरं ए ते झेड या क्रमाने रांगेत लावा. शाळेत प्रार्थनेला उंचीप्रमाणे उभं करतात ना, तसं. "मार्केट" घ्या: ए, ई, के, एम, आर, टी. ही झाली त्या शब्दाची रांग. यादीतल्या प्रत्येक शब्दापुढे त्याची रांग लिहिली, की त्याच अक्षरांचे सगळे शब्द एकाच रांगेचे निघतात. मग डोकं खाजवायचं कामच नाही. आपल्या अक्षरांची रांग लावायची आणि शब्दकोशात बघावं तसं बघायचं. तिने चार ओळींचा प्रोग्राम चालवून रांगा लावलेली नवी फाइल पाठवली.

मला अक्षरं हवी होती. समोर तुमसर आगाराची एसटी उभी होती, आणि मी दुसरं काही न सुचून गावांची नावं घ्यायला लागलो. पहिलं घेतलं रामटेक. इंग्रजीत सहा अक्षरं. रांग लावली: ए, ई, के, एम, आर, टी.

अहो, रामटेक म्हणजे मार्केट!

मी दोनदा तपासलं, तीनदा तपासलं, शेजाऱ्याला बोलावून तपासायला लावलं. त्याने मान हलवली आणि दुधाचे पैसे मागितले. पण मला आता कोण थांबवणार? तुमसर घेतलं. स्ट्रूमा! डॉक्टर लोकांचा शब्द, अर्थ गलगंड. तांदळाची एवढी मोठी बाजारपेठ, आणि तिच्या पोटात गलगंड निघावा, याचं जरा वाईट वाटलं. मग कळलं की बल्गेरियात स्ट्रूमा नावाची नदीही आहे. तुमसरकरांनी नदीच धरावी. तिरोडा घेतलं, डीने लिहिलेलं. रेल्वेच्या पाटीवर आर आहे, ते चालणार नाही. निघालं अड्रॉइट, म्हणजे हातखंडा असलेला, कुशल. गोंदिया: गॅनॉइड, माशांच्या कडक चकचकीत खवल्यांचा एक प्रकार! सावनेर: रीझन. उमरेड: डिमर, म्हणजे आढेवेढे घेणं. देवळी: ओल्डी. वणीतून निघालं वेन, ओझी वाहणाऱ्या गाडीचा जुना शब्द. आणि आमच्या वैनगंगेचं इंग्रजी स्पेलिंगही त्या गाडीनेच सुरू होतं. आर्णीतून निघाला पाऊस! रेन! आणि अकोला? उन्हाळ्यात जिथे माणूस भाजून निघतो, त्या अकोल्यात झाडाला मिठी मारून बसलेला ऑस्ट्रेलियाचा कोआला निघाला. त्या रात्री मी इतका हसलो की पोरं उठली.

पुढे पश्चिमेकडे सरकलो. लातूर म्हणजे अल्ट्रा. सांगली म्हणजे सिग्नल. ठाण्याला तर काही हलवायचीच गरज नाही. इंग्रजी स्पेलिंग जसंच्या तसं घेतलं की तो स्कॉटलंडचा सरदार होतो, मॅकबेथ ज्या हुद्द्यावर होता तो. आणि पुणं, मुंबई, नागपूर? तिन्हीतून अख्खा शब्द एकही नाही. शून्य. मला याचा उगाचच आनंद झाला, लपवत नाही.

कुणी म्हणेल, हा काय पोरखेळ. मीही म्हणालो असतो. पण अक्षरांचा खेळ आपल्याला नवा का आहे? दंडीच्या दशकुमारचरितात प्रेयसीने ओठ चावलेला एक कुमार आपली सगळी कथा ओठ न जुळवता सांगतो. प, फ, ब, भ, म त्याच्या बोलण्यात नाहीत. आपल्या बारामतीच्या मोरोपंतांनी १०८ रामायणं रचली, त्यांत एक निरोष्ठ रामायण आहे. ओठाला ओठ लागायचा नाही! म्हणजे अख्खं रामायण, आणि त्यात "राम" लिहायची बंदी, कारण म म्हणताना ओठ मिटतात. छापखाना नव्हता, यादी नव्हती, फाइल नव्हती. पंतांनी सगळे शब्द डोक्यात पाखडले. आमच्या बपेऱ्याला मात्र त्या ग्रंथात जागा मिळाली नसती. पहिली दोन्ही अक्षरं ओठांचीच.

मराठी अक्षरांनी हा खेळ खेळून पाहिला. जमतो, पण चालच निराळी. आपली मात्रा अक्षराला घट्ट चिकटलेली. "टे"मधून ट आणि एकार वेगळा काढून दुसरीकडे लावला तर ते अक्षर मोडल्यासारखंच वाटतं. रामटेकची इंग्रजीत सहा सुटी अक्षरं होतात, आपल्याकडे चारच. ती हलवली तर काय निघतं? टेकराम! आमच्या भागात दर दोन गावांमागे एक टेकराम असतो. त्यातला एक त्याच क्षणी रस्त्याने युरियाची पिशवी घेऊन चालला होता. त्याला हाक मारून सांगितलं, "तुझ्या नावात तीर्थ आहे आणि बाजार पण आहे." तो म्हणाला, "युरिया मात्र नाई मिळत, भाऊ, एका पिशवीवर भागवा म्हणतात."

आता तुम्ही विचाराल, बपेऱ्याचं काय झालं?

मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. हात थरथरत होते म्हटलं तरी चालेल. बी, ए, पी, ई, आर, ए. रांग लावली: ए, ए, बी, ई, पी, आर. यादीत बघितलं. नाही. पुन्हा बघितलं. नाही! रामटेकला मिळतं, उमरेडला मिळतं, देवळीला मिळतं आणि माझ्या गावाला मिळत नाही? दोन दिवस मी वही उघडली नाही. बायकोला वाटलं, सुटलं एकदाचं.

तिसऱ्या दिवशी बांधीवर पाणी बघायला गेलो, आणि पारीवर उभ्या उभ्या वाटलं, सगळी अक्षरं वापरलीच पाहिजेत असं कुठे लिहिलंय? चार घ्या. आर, ई, ए, पी: रीप. म्हणजे पीक कापणं! तीन घ्या: इअर. कान, हो, पण इंग्रजीत धानाच्या लोंबीलाही इअरच म्हणतात! पी, ई, ए: पी, म्हणजे वाटाणा. धान निघालं की त्याच बांधीत आम्ही लाखोळी घेतो, तीही वाटाण्याच्याच कुळातली. माझ्या पायाखालच्या चिखलात जे होतं, ते सगळं गावाच्या नावात होतं. बेअर निघाला, अस्वल. एरिया निघाला. मी एकटाच हसत होतो आणि पलीकडच्या बांधीतला माणूस माझ्याकडे काळजीने बघत होता.

पाच अक्षरी शब्द भाचीने शोधला, नव्या यादीतून: अरेपा. व्हेनेझुएला आणि कोलंबियात घरोघरी होणारी मक्याची जाड भाकर. बपेऱ्यातून फक्त बी बाजूला ठेवायचा, की तव्यावर भाकर! बायकोला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदाच वहीत डोकावली. "आणि संगं चटणी निघते का बघा," म्हणाली.

आणि मग तो क्षण. स्क्रॅबलमध्ये हातात सोंगट्या असतात सात. बपेऱ्याची अक्षरं सहा. सातवी कोणती आली तर? मी ए, बी, सी, डी एकेक लावत गेलो. के गेला, हाती काही नाही. एल लावला. रांग लावली आणि खाली बघितलं.

पॅरेबल. बोधकथा.

एक एल मिळाला तर माझं गाव बोधकथा होतं! एलची सोंगटी नसेल तर कोरी सोंगटी चालते. तशा दोन असतात त्या शंभरात. गुण मोजले: ए एक, बी तीन, पी तीन, ई एक, आर एक, दुसरा ए एक, आणि एल खरा असला तर त्याचा एक. अकरा. पहिलाच डाव असेल तर मधल्या चांदणीमुळे दुप्पट, बावीस. सातही सोंगट्या एकदम लावल्याचे वर पन्नास. बहात्तर, आणि तेही कमीत कमी!

आता आमच्या जिल्ह्यापुरतं सांगतो. साकोली, पवनी, मोहाडी ही तिन्ही मी पुन्हा पुन्हा लावून पाहिली. अख्खा शब्द निघत नाही. साकोलीला कुठली तरी एक सोंगटी जोडून काही होतं का, ते अजून पाहायचं आहे. तिकडच्या कुणी वही उघडली तर मला कळवा. आणि आपल्या गावाचं इंग्रजी स्पेलिंग आधी एसटीच्या पाटीवर नीट बघून घ्या. एक अक्षर इकडचं तिकडे असलं की तिरोड्यासारखी पंचाईत होते.